बँक्सीचं प्रदर्शन, पण बँक्सीला न विचारता: प्रवासात दिसलं तर जावं का?

कुंचला

नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात युरोपात फिरताना बँक्सीच्या कामाचं एक तिकीट लावलेलं प्रदर्शन पाहिलं. तिथून पुढे लेकीकडे ब्रिस्टलला राहिले आणि त्याचं भिंतींवरचं काम पायी हिंडून पाहिलं. दोन्ही पाठोपाठ पाहिल्यामुळे डोक्यात बरंच काही घोळतंय. आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत तिकडे जातात आणि या प्रदर्शनांच्या जाहिराती मेट्रोपासून विमानतळापर्यंत लागलेल्या असतात, म्हणून सविस्तर लिहिते. शहराचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाही. मला एकाला धरून बोलायचं नाही, आणि हा प्रकार आता बऱ्याच शहरांत एकाच साच्यातला झाला आहे.

ज्यांना बँक्सी माहीत नाही त्यांच्यासाठी: हा ब्रिस्टलचा रस्त्यावरचा चित्रकार. नव्वदच्या दशकात सुरुवात केली. स्वतःचं नाव आणि चेहरा त्याने लपवूनच ठेवला. रात्रीत येतो, पुठ्ठ्यात कापलेला छाप भिंतीवर धरतो, स्प्रे मारतो आणि पसार होतो. पोलिसांपासून लपून एका गाडीखाली पडला असताना पत्र्यावरची छापील अक्षरं दिसली आणि छापाची युक्ती सुचली, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. फुगा हातातून सुटलेली मुलगी त्याची. दगडाऐवजी फुलांचा गुच्छ भिरकावणारा तरुणही त्याचाच. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात हातोडा पडल्या पडल्या जे चित्र चौकटीतून खाली सरकत अर्धं कातरलं गेलं, ते त्यानेच घडवून आणलं होतं. तेव्हा ते १० लाख पौंडांच्या थोडं वर गेलं होतं. तीन वर्षांनी तेच अर्धवट कातरलेलं चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांच्या पुढे विकलं गेलं.

आता प्रदर्शनाबद्दल. 'कलाकाराच्या परवानगीविना' हे शब्द दारावरच्या फलकावर होते, आणि चांगले ठळक होते. जणू तेच आकर्षण. आत पहिल्या दोन दालनांत चौकटीतली छापील चित्रं होती. ही खरी. बँक्सीने २००० नंतरच्या काळात स्क्रीनप्रिंटच्या, म्हणजे जाळीतून रंग ओढून छापलेल्या, मर्यादित प्रती काढल्या होत्या, त्या आज लोकांच्या घरी आहेत आणि तिथून उसन्या येतात. खालच्या चिठ्ठीवर 'खाजगी संग्रह' एवढंच लिहिलेलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे नाक लावून बघायची सवय आहे. फुगेवाल्या मुलीच्या प्रतीवर लाल रंग सपाट, कडा धारदार, कुठे कण इकडचा तिकडे नाही. स्क्रीनप्रिंट म्हणून उत्तम काम आहे.

पुढच्या दालनांत मात्र विटांच्या भिंती होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर प्लायवूडवर विटांचा देखावा, त्यावर चित्र, शेजारी रस्त्यावरचा दिवा आणि वरून पोलिसांच्या सायरनचा आवाज. एकाही चिठ्ठीवर 'ही प्रतिकृती आहे' असं लिहिलेलं नव्हतं. चित्राचं नाव, वर्ष, गाव, बस्स. तिथे उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं की या दालनातलं सगळं नव्याने बनवलेलं आहे. तिने काही लपवलं नाही. पण माझ्या आजूबाजूला जी माणसं भिंतीला टेकून फोटो काढत होती, त्यांतल्या किती जणांनी विचारलं असेल?

याचा मला राग आला, आणि अजून आहे.

ब्रिस्टलला गेल्यावर तो राग नीट समजला. पार्क स्ट्रीटवर एक छोटा पूल आहे, त्यावरून खाली फ्रॉगमोर स्ट्रीटकडे पाहिलं की एका इमारतीच्या भिंतीवर खिडकी रंगवलेली दिसते. खिडकीत सुटातला नवरा बाहेर डोकावतोय, मागे बायको, आणि खाली एक उघडा पुरुष एका हाताने खिडकीला लटकलेला. हे २००६ चं काम. प्रदर्शनात याचा फोटो होता, छान मोठा. पण रस्त्याच्या पलीकडे, हिरवळीच्या कडेला, नगरपालिकेची कचेरी उभी आहे, हे फोटोत कळत नाही! भिंती रंगवणाऱ्यांना दंड करणारी तीच ती संस्था. तिच्या नाकासमोर येऊन त्याने हे काढलं. पुढे पालिकेनेच लोकांना विचारलं, ठेवायचं की पुसायचं, आणि लोकांनी भरभरून 'ठेवा' म्हटलं. नंतर कुणीतरी त्यावर निळ्या रंगाचे गोळे मारले, ते डाग तसेच आहेत. चित्र, कचेरी, डाग, खालून जाणाऱ्या गाड्या हे सगळं मिळून ती गोष्ट होते.

दुसरं, बंदराजवळ हॅनोव्हर प्लेसला. जुना डच चित्रकार व्हर्मीर याच्या मोत्याच्या कुड्यावाल्या मुलीवरून काढलेलं, २०१४ चं. भिंतीवर आधीपासून चोरघंटेची पिवळी षटकोनी पेटी होती. बँक्सीने मुलगी अशा बेताने काढली की ती पेटी बरोबर तिच्या कानातला कुडा झाली. इथे मी बराच वेळ उभी होते. छापाच्या कडेला स्प्रेची धुकट झाक पसरलेली दिसते, तुळशीबागेतल्या रांगोळीच्या छापाखालून थोडी रांगोळी बाहेर सांडते तशी. त्या झाकेवरून छाप कुठे घट्ट धरला होता आणि कुठे भिंतीपासून सुटला होता ते वाचता येतं. माणसाचा हात आणि त्याची घाई दिसते. प्लायवूडवरच्या प्रतिकृतीत ती घाई कुठून येणार? ती करणाऱ्याला पकडायला कुणी येणार नव्हतं.

परवानगी नसणं हाच मोठा गुन्हा, असं मला वाटत नाही. २०१८ मध्ये मॉस्कोत असंच प्रदर्शन भरलं होतं, २० पौंडांच्या आसपास तिकीट. कुणीतरी बँक्सीला कळवलं, आणि तो संवाद त्याने स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला. माझा याच्याशी काही संबंध नाही, असं तो म्हणाला. पण जाहीर निषेध कर म्हटल्यावर उत्तर दिलं, की परवानगीशिवाय चित्रं लावणाऱ्यांबद्दल तक्रार करायला मी योग्य माणूस आहे असं वाटत नाही.

माझं म्हणणं असं: जायचं तर जा, पण खरं काय आणि बनवलेलं काय ते तिकीट काढण्याआधी विचारा. आणि त्याच प्रवासात एखादी खरी भिंत गाठता येत असेल, तर आधी ती गाठा. तुमचे अनुभव ऐकायला आवडतील.

सह्यभटक्या

कुंचलाताई, फारच सुंदर लिहिलंय. चोरघंटेच्या पेटीचं वाचून अंगावर काटा आला. दोन प्रश्न. एक, ही प्रदर्शनं कायदेशीर कशी काय चालतात? दुसरा, आम्ही सप्टेंबरात लंडनला येतोय, मुलगी चौदाची आहे आणि चित्रं काढते. ब्रिस्टल एका दिवसात होईल का?

नियमावली

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, माझं कामच या क्षेत्रातलं आहे. सोपं करून सांगतो.

तुम्ही छापील प्रत विकत घेतलीत तर कागद तुमचा, चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचाच. पण ब्रिटिश कायद्यात खरी प्रत नुसती भिंतीवर टांगून लोकांना दाखवणं हे कॉपीराइटच्या कक्षेत येत नाही. म्हणून संग्राहकाने आपली प्रत आयोजकाला दिली आणि आयोजकाने ती तिकीट लावून दाखवली, तर तिथे अडवायला फार जागा नसते. प्रतिकृती बनवणं, टी-शर्टवर छापणं ही वेगळी गोष्ट. तिथे नक्कल होते आणि चित्रकार हरकत घेऊ शकतो.

पण हरकत घ्यायची तर 'हे मी काढलं' असं न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि ज्याचं सगळं आयुष्य निनावीपणावर उभं आहे त्याला तेच जड जातं. म्हणून त्याच्या बाजूने 'पेस्ट कंट्रोल' ही त्याची कंपनी उभी राहते. २००८ पासून ती त्याच्या कामाला अस्सलपणाचे दाखलेही देते. त्यांनी ट्रेडमार्कची वाट धरून पाहिली. फुलं फेकणाऱ्या तरुणाचा युरोपीय ट्रेडमार्क घेतला होता. शुभेच्छापत्रं छापणाऱ्या एका कंपनीने त्याला आव्हान दिलं. ट्रेडमार्क वापरात आहे हे दाखवायला २०१९ मध्ये लंडनच्या क्रॉयडन भागात एक दुकान उघडलं गेलं, आणि हे वादामुळेच करावं लागतंय असं तेव्हा उघडपणे सांगितलंही गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय कार्यालयाने तो ट्रेडमार्क रद्द केला. खरा व्यापार करायचा हेतूच नव्हता, हे त्यांच्या निर्णयाचं सार.

मिलानमध्ये मात्र थोडं यश आलं. तिथल्या मुदेक संग्रहालयात २०१८ च्या शेवटी परवानगीविना प्रदर्शन भरलं होतं. पेस्ट कंट्रोल न्यायालयात गेली. २०१९ च्या सुरुवातीला न्यायालयाने बँक्सीचं नाव वापरून विकल्या जाणाऱ्या वस्तू हटवायला लावल्या. प्रदर्शन चालू राहिलं.

तेव्हा कायद्याने पाहिलं तर खरी प्रत दाखवणारा बहुधा सुरक्षित आणि विक्रीच्या दुकानात मग व टी-शर्ट मांडणारा अडचणीत. कुंचलाताईंना जे खटकलं, चिठ्ठीवर 'प्रतिकृती' न लिहिणं, तो मला ग्राहकाच्या फसवणुकीचा मुद्दा वाटतो. त्यावर तिकीट काढणाऱ्यानेच तक्रार केली पाहिजे आणि लोक ती करत नाहीत. करायला हवी.

आजोळ

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितेय.

मी बाबांना घेऊन असंच एक प्रदर्शन पाहायला गेले होते. बाबा आयुष्यभर कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या आणि पूर्वी सिनेमाचे बॅनर रंगवायचे. आता चाकाच्या खुर्चीशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही. कुठल्या गावात, कुठल्या चढावर, कुठल्या बोळात भिंत आहे ते शोधत हिंडणं आमच्याच्याने झालं नसतं. इथे लिफ्ट होती, बसायला जागा होती, सगळं एका पातळीवर होतं.

आणि त्यांनी प्रतिकृती आहेत हे पहिल्या मिनिटाला ओळखलं! तरी त्यांना काही कमी वाटलं नाही. मुलीच्या केसांजवळ बोट दाखवून म्हणाले, "हे बघ, इथं बारीक पट्टी ठेवलीय, नाहीतर आतला तुकडा गळून पडला असता. कापणारा हुशार आहे." माकडाच्या गळ्यातल्या पाटीपुढे तर ते हलायलाच तयार नव्हते. छाप कापताना अक्षराचं पोट कसं धरून ठेवायचं, हे त्यांनी मला, त्यांच्या मुलीला, पहिल्यांदा त्या दालनात समजावून सांगितलं. घरी कधी विषयच निघाला नव्हता.

शिवाय सगळ्या भिंती आहेत कुठे आता? फुगेवाली मुलगी लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ होती, ती कधीच पुसली गेली. जे राहिलंच नाही ते प्रतिकृतीतच पाहावं लागणार. मोहेंजोदडोची नर्तिकाही आपण शाळेत प्लास्टरमध्येच पाहिली होती.

चिठ्ठीवर खरं लिहायला हवं, यात दुमत नाही. पण 'आधी भिंत गाठा' हे ज्यांचे पाय चालतात त्यांच्यासाठी आहे, ताई.

कुंचला

आजोळ, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पट्टी ओळखली हे वाचून फार आनंद झाला. तुमचं म्हणणं पटतं. पुसलेल्या कामाची प्रतिकृती, तशी पाटी लावून दाखवली, तर मी स्वतः तिकीट काढून जाईन. वॉटर्लूचं उदाहरण नेमकं आहे.

पण एक गोष्ट मला सोडवत नाही. या प्रदर्शनांत पैसा कुणाला मिळतो? आयोजकाला तिकिटाचा, आणि संग्राहकाची प्रत 'अमुक ठिकाणी प्रदर्शित' झाली की तिचं वजनही वाढतं. ज्या चित्रकाराने २०१३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका वयस्कर माणसाला साध्या ठेल्यावर बसवून स्वतःची खरी, सही केलेली चित्रं ६० डॉलरला एक अशी विकायला ठेवली, त्याच्या नावावर हे चाललंय. दिवसभरात ४२० डॉलर जमले होते आणि एका बाईंनी तर घासाघीस करून निम्म्या किमतीत नेली! ब्रिस्टलच्या संग्रहालयात २००९ मध्ये त्याचं स्वतःचं प्रदर्शन झालं, ते फुकट होतं, तीन लाखांहून जास्त माणसं येऊन गेली. २०१५ मध्ये वेस्टन-सुपर-मेअरला त्याने 'डिस्मालँड' हे डिस्नेलँडची थट्टा करणारं उदास करमणूक-उद्यान उभारलं, तिकीट ३ पौंड. संपल्यावर तिथलं लाकूडसामान फ्रान्समध्ये कॅलेला निर्वासितांच्या छावणीत निवारे बांधायला पाठवलं. या पार्श्वभूमीवर भरमसाट तिकीट आणि बाहेर पडताना सक्तीने दुकानातून जावं लागणं मला बोचतं.

ऑलिव्ह

धागा वाचून बेथलेहेम आठवलं. आम्ही २०१९ मध्ये जेरुसलेमहून एका दिवसासाठी गेलो होतो. चेकपोस्टवरून बाहेर पडलं की इस्रायलने उभारलेल्या विभाजनभिंतीच्या कडेने चालत थोड्या वेळात 'वॉल्ड ऑफ हॉटेल' येतं. बँक्सीने मार्च २०१७ मध्ये ते सुरू केलं. खिडकी उघडली की समोर काँक्रीटची ती विभाजनभिंत, काही मीटरवर. जगातलं सर्वांत वाईट दृश्य असलेलं हॉटेल, अशीच त्याची ओळख करून दिली जायची. आम्ही राहिलो नाही, पण आतलं छोटं संग्रहालय आणि वरच्या मजल्यावरची पॅलेस्टिनी चित्रकारांची गॅलरी पाहिली. एका खोलीत भिंतीवर इस्रायली सैनिक आणि पॅलेस्टिनी तरुण उश्यांनी मारामारी करतायत असं चित्र होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हॉटेल बंद झालं.

फुलं फेकणारा तरुण तिथून जवळ बेत साहूरमध्ये आहे, एका साध्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर. टॅक्सीवाल्याला 'बँक्सी' म्हटलं की पुरे. त्याने आम्हाला तिथे नेलं, मग चिलखत घातलेलं शांतीचं कबूतर दाखवलं, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःचं काहीतरी सांगत होता: भिंतीआधी ही वाट कुठे जायची, त्याच्या काकांची जमीन कुठल्या बाजूला राहिली. चित्रावर तो फार बोललाच नाही.

आता मुद्दा. बेथलेहेममध्ये बँक्सीच्या चित्रांचे मग, पिशव्या, चुंबक सर्रास विकले जातात, आणि यातलं बहुतेक काही त्याला विचारून होत असेल असं मला वाटत नाही. मी दोन पिशव्या घेतल्या आणि मला जराही वाईट वाटलं नाही. ज्या गावाच्या भिंतीवर, ज्या गावाच्या दुःखावर ते चित्र उभं आहे, त्या गावातल्या दुकानदाराचं घर त्यावर चालतंय. तेच चित्र हजारो किलोमीटरवर वातानुकूलित दालनात आलं, की त्या टॅक्सीवाल्याच्या काकांची जमीन त्यातून गळून जाते. तिथे ते एक 'कूल' पोस्टर होतं.

हेही सांगायला हवं, की सगळ्या स्थानिकांना तो आवडतो असं नाही. सैनिक गाढवाची ओळखपत्रं तपासतोय असं त्याचं एक चित्र २००७ मध्ये तिथे होतं. 'आम्हाला गाढव म्हणतो का' म्हणून लोक चिडले होते. पुढे ते भिंतीसकट कापून परदेशी विकायला गेलं. भिंतीवर चित्र काढणाऱ्याने परवानगी घेतली नव्हती, कापणाऱ्यांनी गावाला विचारलं नाही, आणि पाहुणे येऊन फोटो काढून गेले, आम्हीही त्यातलेच. परवानगी नक्की कुणाची घ्यायची, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

नियमावली

ऑलिव्ह, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये एक निकाल आहे. २०१४ मध्ये फोकस्टोन गावात बँक्सीने एका करमणूक केंद्राच्या भिंतीवर चित्र काढलं: कानाला हेडफोन लावून रिकाम्या चौथऱ्याकडे बघणारी वृद्ध बाई. भाडेकरू कंपनीने ते भिंतीसकट कापून विकायला अमेरिकेत पाठवलं. गावातल्या कलासंस्थेने दावा लावला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की कापलेला भिंतीचा तुकडा इमारतीच्या मालकाचा, भाडेकरूचा नव्हे. मालकाने हक्क त्या संस्थेला दिला होता, म्हणून चित्र गावात परत आलं. म्हणजे कायदा विटांचा मालक शोधतो. गावाचा हक्क असा वेगळा मानत नाही. फोकस्टोनचं नशीब चांगलं, मालक गावाच्या बाजूचा निघाला.

लंडनच्या वुड ग्रीनमध्ये उलट झालं. शिवणयंत्रावर ब्रिटनचे झेंडे शिवणारा लहान मुलगा २०१२ मध्ये एका दुकानाच्या भिंतीवर आला, पुढच्या वर्षी भिंतीतून काढला गेला आणि मायामीच्या लिलावात उगवला. लोकांनी एवढा आवाज उठवला की तिथून मागे घेतला गेला, तरी काही महिन्यांनी लंडनमध्येच विकला गेला.

क्लाइडकाठ

ग्लासगोहून. २०२३ च्या उन्हाळ्यात इथल्या गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'कट अँड रन' झालं, ते बँक्सीने स्वतः भरवलेलं होतं, म्हणून तुलनेला लिहितो.

दारातच फोन कुलूपबंद पिशवीत टाकून देत. त्यामुळे आत कुणी फोटो काढत नव्हतं, सगळे चित्रांकडे बघत होते. एवढ्याने केवढा फरक पडतो! आणि मुख्य म्हणजे त्याने पंचवीसेक वर्षांचे मूळ छाप मांडले होते. पुठ्ठ्याचे, रंगाने जाड झालेले, कडा फाटलेल्या. इतकी वर्षं हे लपवून ठेवले होते, कारण पोलिसांच्या हाती लागले तर पुरावा ठरले असते, अशी त्याने पाटी लावली होती. आजोळ, तुमच्या बाबांनी ते छाप पाहायला हवे होते, सगळ्या पट्ट्या तिथे उघड्या होत्या. सदबीजमध्ये चौकटीत कातरयंत्र कसं बसवलं होतं, त्याचा नमुनाही होता.

ग्लासगोच का? गॅलरीच्या दारात वेलिंग्टनच्या ड्यूकचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्याच्या डोक्यावर रहदारीचा नारिंगी शंकू ठेवायची इथल्या लोकांची जुनी रीत. पालिकेने किती वेळा काढला, लोक परत चढवतात. ब्रिटनमधली माझी सर्वांत आवडती कलाकृती ही, असं बँक्सीने म्हटलं होतं. त्या पुतळ्याखालून आत शिरायचं, म्हणजे प्रदर्शन दाराबाहेरच सुरू झालेलं असायचं. कुंचलाताई म्हणतात ती जागेची गोष्ट इमारतीच्या आतही साधता येते, पण चित्रकार स्वतः असेल तर.

ज्यांना खात्री करायची आहे त्यांच्यासाठी: बँक्सीच्या संकेतस्थळावर परवानगी नसलेल्या प्रदर्शनांबद्दल सूचना आहे, अशी बरीच प्रदर्शनं त्याच्या संमतीशिवाय भरतात म्हणून. तिकीट काढण्याआधी तिथे नजर टाका. नवं काम खरं की खोटं, तेही तो इन्स्टाग्रामवर टाकतो, त्यावरूनच कळतं.

वेलदोडा

कोचीला राहते. इथे २०१४ च्या बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या, सुमारास 'गेस हू' नावाने एका निनावी चित्रकाराने फोर्ट कोचीच्या भिंतींवर छाप मारले होते, पाश्चात्त्य आणि आपल्याकडच्या ओळखीच्या चेहऱ्यांची सरमिसळ करून. वर्तमानपत्रांनी लगेच 'भारताचा बँक्सी' म्हणायला सुरुवात केली. मला ते नाव आवडत नाही, कारण त्याचं काम या गावच्या भिंतींशी बोलत होतं. इथला पावसाळा, शेवाळ आणि नवा रंग यांपुढे भिंतीवरचं काम टिकत नाही. आता कुणी त्याच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवलं, तर मी चिडेन की धावत पाहायला जाईन, हे मला खरंच सांगता येत नाही. बहुतेक जाईन.

आजोळ

क्लाइडकाठ, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पुठ्ठ्याचेच का, पत्र्याचे का नाही, असं ते विचारतायत. ते पत्रा कापायचे.

क्लाइडकाठ

आजोळ, माझ्या आठवणीत तरी पुठ्ठा आणि कागदच जास्त होता. अंदाज सांगतो: पुठ्ठा हलका, दुमडून काखेत मारता येतो आणि पळता येतं. बाबांना पळायची वेळ येत नव्हती, त्यांचा छाप वर्षानुवर्षं चालायला हवा होता.

सह्यभटक्या

सर्वांचे आभार. लेकीला हा धागा वाचायला दिला. तिला प्रदर्शनही पाहायचंय आणि भिंतीही. प्रदर्शनवाल्यांना ईमेल करून विचारलं, की खरी कामं किती आणि प्रतिकृती किती. उत्तराची वाट बघतोय. कुंचलाताई, ब्रिस्टलचा रस्ता सांगाल का?

कुंचला

अगदी छान केलंत. उत्तर आलं की इथे टाका, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल टेंपल मीड्सला रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. सकाळची गाडी धरलीत तर एक दिवस पुरतो. बाहेर पडून आधी बंदराकडे या. एम शेड हे फुकट संग्रहालय तिथे आहे. 'थेक्ला' नावाच्या जहाजावर पाण्याच्या पातळीला बँक्सीने काढलेला होडीतला मृत्युदूत जहाजाच्या पत्र्यासकट कापून तिथे ठेवला आहे. पत्र्याचा गंज जरूर जवळून बघायला सांगा लेकीला. तिथून पाण्याच्या कडेने चालत हॅनोव्हर प्लेसला कुडेवाली मुलगी. ती एका आडबाजूच्या गल्लीत आहे, सहज दिसत नाही, नकाशा उघडा ठेवा. मग परत फिरून कॉलेज ग्रीनवरून पार्क स्ट्रीटचा पूल. खाली उतरून फ्रॉगमोर स्ट्रीटवरूनही एकदा वर बघा, निळे डाग तिथून नीट दिसतात. पार्क स्ट्रीट चढून गेलात की ब्रिस्टल म्युझियम, तिथे २००९ च्या प्रदर्शनातला डोक्यावर रंगाचा डबा पालथा पडलेला देवदूत अजून आहे. हेही फुकट.

शेवटी स्टोक्स क्रॉफ्ट. तिथे पोलिसांवर पेटती बाटली फेकणारं टेडी अस्वल आहे, १९९९ चं, छाप न वापरता हाताने काढलेलं. लेक चित्रं काढते म्हणालात, म्हणून हे चुकवू नका. छापाच्या आधीचा हात कसा होता ते तिला तिथे दिसेल. संग्रहालयं सोमवारी बहुधा बंद असतात, निघण्याआधी वेळ बघून घ्या. पार्क स्ट्रीटचा चढ खडा आहे, बरोबर आजीआजोबा असतील तर तिथे बस घ्या.